फायटरमामांचा खिडकीतला दवाखाना

फायटरमामा कुणाच्याही घरी गेले की आधी कडा बघायचे. चहाची बशी हातात दिली की चहा राहायचा बाजूला, बशीच्या कडेवरून बोट फिरायचं. पडद्याची खालची कड, कॉलरची कड, चादरीची कड. माझं लग्न होऊन मी लातूरच्या त्या कॉलनीत आले, तेव्हा शेजारी म्हणून ते नवी सून बघायला आले आणि माझ्याकडे न बघता माझ्या भाकरीकडे बघत बसले. भाकरीची कड मोडली, वास घेतला, आणि म्हणाले, "खराबी कदी मधून सुरू होत न्हाई, सूनबाई. कडंला होती. मधलं सगळ्यात शेवटी जातंय." भाकरी चांगली टम्म फुगलेली होती. एवढ्या चांगल्या भाकरीवर असलं अभद्र बोलणारा माणूस मला पहिल्या दिवशी मुळीच आवडला नाही.

पुढे आवडला. इतका की माझे सासरे विचारायचे, ही सून आपण आणली की शेजाऱ्यांनी? मी बँकेतून आले की आधी मामांच्या ओट्यावर टेकायचे, मामींच्या हातचा चहा प्यायचे आणि मगच आमच्या घरात पाऊल टाकायचे. किनवटच्या जंगलातून लातूरच्या रखरखाटात येऊन पडलेल्या मला त्या ओट्यावरच पहिल्यांदा माणसात आल्यासारखं वाटलं.

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लातूर उस्मानाबादपासून सुटून नवा जिल्हा झाला, त्याच सुमाराला ते मुरुडहून येऊन नोकरीला लागले. स्टँडवरच्या माइकवरून नव्या जिल्ह्याचं नाव उच्चारायला मिळालं याचा अभिमान त्यांना निवृत्तीनंतरही पुरला. "सरकारनं नुसता कागद काढला. लातूरला जिल्हा आमी केलं, रोज बोलून बोलून," असं ते म्हणायचे. उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर वर्षा-दोन वर्षांनी उठायची, तेव्हा त्यांना एकच काळजी असायची. तिथल्या माइकवर कुणाला बसवणार? आवाज त्यांचा खणखणीत होता आणि घरातही तो खाली यायचा नाही. स्वयंपाकाला उशीर झाला की बाहेरच्या खोलीतून घोषणा व्हायची, "जेवणाची गाडी किती लेट हाय?" मामी आतून सांगायच्या, "आजची फेरी रद्द झाली," आणि मग दोघंही बराच वेळ हसत बसायची.

माशांचं वेडही त्यांना एसटीनंच लावलं. हैदराबादहून आलेल्या गाडीत कुणीतरी पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची पिशवी विसरून गेलं. छत्र्या, डबे, चपला जिथे जमा व्हायच्या तिथेच कंडक्टरनं ती आणून ठेवली. आत एक निळाजांभळा मासा होता आणि त्याच्या लांबलचक शेपटीच्या चिंध्या झालेल्या होत्या. मालक काही आला नाही. जिवंत वस्तू कपाटात ठेवता येत नाही म्हणून मामा पिशवी घेऊन घरी आले, मामींनी लोणच्याची रिकामी बरणी काढून दिली आणि त्या बरणीपायी पुढे जन्मभर पस्तावल्या. तो मासा म्हणजे फायटर. एकटा राहणारा, दुसरा फायटर दिसला की अंगावर जाणारा, दिसायला राजा आणि स्वभावाला भांडकुदळ. त्याची शेपटी महिनाभरात भरून आली, आणि मामांना वाटलं की आपल्या हाताला गुण आहे.

तसा गुण काही लगेच आला नाही. "पयले लई मासे मीच मारले," असं ते सांगायचे, अगदी सहज. मुलगी सुजाता नांदेडला शाळेत शिक्षिका होती. तिच्याकडे गेले की ते तिथल्या माशांच्या दुकानात स्टूल टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारायचे, आणि अर्धवट ऐकलेलं घरी येऊन करून बघायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत बरण्यांची रांग लागली होती. दोन बरण्यांच्या मध्ये जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. पुठ्ठा काढला की दोन्हीकडचे मासे कल्ले फुगवून काचेवर धडका मारायचे. मामा म्हणायचे, ह्यांना एकमेकाचं तोंड दिसलं न्हाई की लई सुखी राहतात, अन् हे निम्म्या लातूरला लागू हाय.

त्या खिडकीला आम्ही दवाखाना म्हणायचो. लातुरात शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं येऊन खोल्या घेऊन राहतात. त्यांतल्या पुष्कळांनी टेबलावर फायटर ठेवलेला असायचा, कारण तो लहान बरणीत राहतो आणि अभ्यासाच्या मध्ये मध्ये बोलत नाही. त्याची शेपटी फाटली की पोरं मामांकडे यायची. मामा आधी माशाकडे बघायचेच नाहीत.

"पाणी कवा बदललं?"

"मागच्या रविवारी. म्हणजे बहुतेक त्याच्या मागच्या."

"म्हंजे बदललंच न्हाई."

मग ते बरणी खिडकीच्या उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि कड बघायचे. "हे बग, चीर सरळ हाय. कडंचा रंग हाय तसाच हाय. हा अडकला कशात तरी. प्लॅस्टिकचं झाड टाकलंस का आत? काढ ते. हा आजारी न्हाई, नुसता पंक्चर हाय." दुसऱ्या एखाद्याच्या शेपटीला अर्धगोल चावा घेतल्यासारखा तुकडा गेलेला असायचा. "ह्यानं सोताच खाल्लं. कंटाळून खातात. आरसा असल समोर तर काढ, अन् घटकाभर बोलत जा त्याच्याशी." पण कधी कधी वर धरलेली बरणी ते लवकर खाली ठेवायचे नाहीत. शेपटीची कड काळपट झालेली असायची, कधी लालसर, आणि दोरे सुटल्यासारखी विरत आत आत आलेली. "ही सडून राहिली," ते हळू आवाजात सांगायचे. "रोज थोडी आत सरकती. ह्याला डेपोत ठिवून जा."

सडणाऱ्या माशावर त्यांचे तीन इलाज होते. खडे मीठ विरघळवलेल्या पाण्यात थोडा वेळ डुंबवायचं. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या देशी बदामाची वाळून गळलेली पानं पाण्यात टाकून ठेवायची, त्यानं पाणी चहासारखं व्हायचं. आणि फारच झालं तर निळं औषध. ह्या औषधाचे थेंब मामांच्या बोटांवर, खिडकीच्या फळीवर, मामींच्या पांढऱ्या चादरीवर सगळीकडे असायचे आणि कशानंही निघायचे नाहीत. "पर हे सगळं नंतरचं," मामा बजावायचे. "खरं औषध म्हंजे साफ पाणी. रोज थोडं बदलायचं. बाकी नुसता आपल्या मनाला आराम."

बऱ्या होत चाललेल्या माशाबद्दल मात्र ते फार कडक होते. शेपटी भरायला लागली की तिच्या कडेला पांढुरकी, पातळ, आरपार दिसणारी झालर फुटते. पोरं घाबरायची, त्यांना वाटायचं नवीन रोग आला. मामांचा चेहरा तेव्हा उजळायचा. "वेड्या, ही नवी कड हाय. पांढरी दिसली की समजायचं गाडी सुटली. आता हात लावायचा न्हाई, औषध बंद." आणि एकदा मी विचारलं होतं, सगळ्यांचीच येते का हो परत? तर म्हणाले, "शेपटी कितीबी जाऊ दे, येती. पर सडत सडत अंगापत्तर गेलं की मग फुटत न्हाई." हे सांगताना ते बरणीवरचं झाकण पुनःपुन्हा फिरवत होते.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. धरण कोरडं पडलं, नळ आठवड्यानं यायचे ते पंधरवड्यानं यायला लागले आणि मग कधी येतील ते सांगता येईना. शहराला रेल्वेनं पाणी येऊ लागलं. किनवटहून माझी आई फोनवर विचारायची, "पाणी काहून रेल्वेत बसून येऊन राहिलं गं?" आणि मला हसूही यायचं नाही. घागरींना साखळी लावून कुलपं घालायचे लोक. आमच्या कॉलनीत टँकर आला की बायकांच्या आधी भांडणं पोचायची. बोअर खडखडा वाजायचे आणि गढूळ थुंकी टाकून बंद व्हायचे.

फायटर लहान जीव. त्याला काय लागतं, दोन तांबे पाणी. पण टँकरच्या पाण्याला पावडरचा इतका वास असायचा की ते दिवसभर उघडं ठेवल्याशिवाय माशाला घालता यायचं नाही, आणि साठवलेलं पाणी माशापायी संपवण्याचं धाडस पोरांना होईना. बरण्यांतलं पाणी तसंच राहायला लागलं. मामांच्या खिडकीत जागा उरली नाही. बरण्या खाली जमिनीवर आल्या, मग कपाटावर चढल्या. सगळ्यांची एकच तक्रार. मी संध्याकाळी गेले की मामा एकेक बरणी उजेडात धरून खाली ठेवताना दिसायचे, आणि पूर्वीसारखे पंक्चरचे विनोद करायचे नाहीत. "सगळेच सडून राहिले," एवढंच म्हणायचे.

ह्या दवाखान्याला लागणारं पाणी कुठून यायचं ते कॉलनीला दिसत होतं. टँकरच्या रांगेत समोरच्या घरातल्या काकू एकदा मामांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मानसाला प्यायला न्हाई अन् काही लोक मासे पोसून राहिले." मामांनी घागर खाली ठेवली. "माझ्या आंगोळीचं देतो बाई. तुमच्या घागरीला हात लावला का मी?" काकू घागर घेऊन पुढे सरकल्या, पण त्यांचं काय चुकलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मामा खरंच आंघोळ करत नव्हते. ओल्या टॉवेलानं अंग पुसायचे, झालं. त्यांना शुगर होती, जुनी. पाय रोज धुवायचे, कोरडे करायचे, बोटांच्या मध्ये बघायचं, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. ते पाय धुणंही बंद झालं. मामींनी टोकलं की म्हणायचे, "माझी शुगर माझ्या कंट्रोलमधी हाय. कंट्रोलर कोण हाय इथं?"

टँकरपासून घरापर्यंत ड्रम आणायला मामांनी एक छोटा लोखंडी गाडा करून घेतला होता. एकदा भरलेल्या ड्रमसकट त्याचं चाक त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं. रबरी चप्पल, त्यातून अंगठा बाहेर. त्यांना कळलंच नाही. ड्रम आत घेतला, बरण्यांचं पाणी बदललं, पेपर उघडला. मामी स्वयंपाकघरातून आल्या तर फरशीवर दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून खुर्चीपर्यंत लाल ठसे उमटलेले. "अवो, पाय बगा तुमचा," त्या ओरडल्या. मामांनी पाय वर घेऊन पाहिला. "दुखत तर न्हाई," ते म्हणाले, आणि हीच गोष्ट त्यांना समाधानाची वाटली.

त्यांनी दवाखाना चालू केला. आपल्याच अंगठ्यासाठी. खडे मिठाच्या पाण्यात पाय, त्याच पाण्यात बदामाचं पान. मी दोन-तीनदा म्हटलं की मामा, डॉक्टरला दाखवू या, बँकेतून येताना मी रिक्षा घेऊन येते. ते मला समजावून सांगायचे, अगदी शिकवणीच्या पोरांना सांगतात तसं. चीर सरळ आहे, रंग बदललेला नाही, अडकून फाटलेलं आहे, सडलेलं नाही. मला माशाचं जेवढं कळत होतं तेवढ्यात ते पटण्यासारखंच होतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटायची. एवढ्या आत्मविश्वासानं बोलणारा माणूस आपलाच पाय खिडकीतल्या बरणीसारखा लांबून बघतो आहे, असं सारखं वाटत राहायचं.

कडेला जरा काळं दिसलं तेव्हा त्यांनी निळं औषध काढलं. सगळ्या अंगठ्याला, वर पावलापर्यंत, पिसानं चोपडलं. दुसऱ्या दिवशी परत. त्या औषधाचा रंग निघत नाही हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, मामींच्या चादरीला तर नक्कीच. आता अंगठा निळा झाला. शाईसारखा गडद, एकसारखा निळा. कड काळी होती का, किती आत आली होती, हे आता जगातल्या कुणालाच दिसणार नव्हतं, आणि आयुष्यभर लोकांच्या बश्या-भाकऱ्यांच्या कडा तपासणाऱ्या माणसाला आपण आपली कड रंगवून टाकली आहे हे सुचलं नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं. "निळं असलं की सडत न्हाई," ते म्हणाले, "म्हून तर लावतेत."

मग एका दुपारी त्यांनी मला मुद्दाम हाक मारून बोलावलं. बँकेला सुट्टी होती. खुर्चीत बसून पाय स्टुलावर घेतलेला, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर तो उजळलेपणा, जो फक्त मासा बरा व्हायला लागला की दिसायचा. "हे बग सूनबाई. नवी कड फुटली." निळ्या अंगठ्याच्या जखमेभोवती खरंच एक पांढरी, भिजल्यासारखी, सुरकुतलेली झालर होती. मिठाच्या पाण्यात रोज तासन्‌तास भिजवून भिजवून आलेली. "आता हात लावायचा न्हाई. औषध बंद. गाडी सुटली बग." मी खाली वाकले तेव्हा मला वास आला. गोडसर, जड वास. बरणीत मासा मरून राहिला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही की येतो तसा. मी उठून उभी राहिले. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे एकाऐवजी चार-चार उदबत्त्या लावायला का सुरुवात केली होती, ते मला त्या क्षणी समजलं.

त्या दिवशी आमचं भांडण झालं. मी आवाज चढवला, तेही माइकवरच्या आवाजात बोलले, आणि शेवटी खरं ते बाहेर पडलं. "बोरकर ड्रायवर गेला होता बोटासाठी," मामा म्हणाले. "टेबलावर घेतला की ते थांबत न्हाईत. बोट घेतलं, मग पाऊल, मग गुडघा. दर वेळी म्हणायचे, एवढंच. मी त्याला स्टँडवर कुबड्या घेऊन बसलेला बगितलाय. लोक त्याला चिल्लर टाकायचे, सूनबाई. माझ्या डेपोचा ड्रायवर." इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते, आणि ते नुसते घाबरलेले होते. मला एकदम रडू आलं. मामी पुढे आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमी न्हाई गेलात तर मी ह्या समद्या बरण्या रस्त्यावर ओतीन." मामांनी खिडकीकडे पाहिलं, मग मामींकडे. मामी ओततील याची त्यांना खात्री होती.

मी सुजाताला फोन केला. ती नांदेडहून मिळेल त्या गाडीनं अंधार पडायच्या आत पोचली. आम्ही तिघी आणि मामा एका रिक्षात बसून दवाखान्यात गेलो. रस्ताभर मामांनी पाय टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेल्या बाळासारखा धरला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी टॉवेल सोडला, निळा पाय बघून कपाळाला आठी घातली, आणि स्पिरिटचा कापूस घेऊन तो रंग पुसायला लागले. वेळ लागला. एका कापसानं होईना. रंग फिका झाला तसा खालचा काळा वर येत गेला. अंगठा काळा. शेजारची बोटं काळी. पावलाच्या वरच्या बाजूला घोट्याच्या दिशेनं गेलेली एक काळपट-लाल जीभ. सुजातानं तोंडावर हात ठेवला.

"किती दिवसांचं आहे हे, आजोबा?"

"आता बरं होऊन राहिलं होतं साहेब," मामा म्हणाले. "नवी कड फुटली. पांढरी."

"ती नवी नाही," डॉक्टर म्हणाले. ते वाईट बोलले नाहीत, उलट जरा हळूच बोलले. "ती मेलेली कातडी आहे. पाण्यात राहून पांढरी झाली."

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ, तसंच, एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडे नजर नेत. मग त्यांनी विचारलं, "साहेब, अंगापत्तर गेलंय का?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते रक्ताच्या तपासण्या, गुडघ्याखालून कापावं लागेल, आजच, असं काय काय सुजाताला सांगायला लागले. मला कळला होता. मी मामांचा हात धरला, तो थंड होता, आणि बोटांवर औषधाचे निळे डाग होते.

पाय कापला. पण विष आधीच रक्तात उतरलेलं होतं, आणि दवाखान्यातले ते दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. कधी ते ग्लानीत गाड्या लावायचे, औसा, निलंगा, मुरुडमार्गे अमुक, आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्ण हसायचा. शुद्धीत असले की माझ्याकडे बघून एकच विचारायचे, "पाणी बदललं?" मी हो म्हणायचे. खरंच बदलत होते. मी त्या सगळ्या बरण्या आमच्या घरी नेल्या होत्या, माझ्या नवऱ्यानं हूं की चूं केलं नाही, आणि आमच्या वाट्याच्या पाण्यातून मी रोज तांब्या तांब्या काढत होते. ते मासे बरे होत होते. सकाळी बरणी उजेडात धरली की एकेकाच्या शेपटीला पातळ झालर दिसायची, ही मात्र खरी. मला त्या माशांचा इतका राग यायचा की एक-दोनदा बरणी हातातून सोडून द्यावी असं वाटलं. सोडली नाही. रोज पाणी बदललं आणि रोज दवाखान्यात जाऊन हो म्हटलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पाण्याचं विचारलं नाही. सुजाता त्यांच्या उशाशी होती, मामी पायथ्याशी. मामींचा हात चादरीवर त्या जागी होता जिथे पाय संपत होता. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं.

सकाळी त्यांना घरी आणलं. मुरुडहून भावकी आली, एसटीतले जुने लोक आले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात, ओट्यावर, रस्त्यावर उभी राहिली. मेणबत्त्या लावल्या होत्या. त्रिशरण म्हणायला सुरुवात व्हायची होती, भंतेजी यायचे होते, आणि तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून एक बाई धावत आली. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नळ आला. नळ आला."

पुष्कळ दिवसांनी आला होता. जमावात एक हालचाल झाली आणि तशीच थांबली. कुणी कुणाकडे बघेना. समोरच्या काकूंचे डोळे रडून लाल झाले होते, त्या ओट्याच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि त्यांचा एक पाय खालच्या पायरीवर गेलेला मला दिसला. मामींनी पदर सावरला. "जा," त्या म्हणाल्या. "भरून घ्या आधी. ते कुठं जात न्हाईत आता." एकेक करून बायका निघाल्या. मग पळाल्या. थोड्याच वेळात सगळ्या गल्लीतून बादल्या-घागरींचे आवाज यायला लागले, आणि मामांजवळ बायकांपैकी मामी, सुजाता आणि मी एवढ्याच राहिलो.

आंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा मुरुडच्या पुतण्यांनी अंगणात पाट मांडला. दोन बादल्या काठोकाठ भरून आणल्या. त्यांतली एक काकूंच्या घरातून आली होती. पुतण्यानं तांब्या बुडवला आणि मामांच्या खांद्यावर पाणी घातलं, जपून, निम्मा तांब्या, बारीक धार धरून, पाणी सांडू नये म्हणून दुसरा हात खाली लावून. त्याचा काही दोष नव्हता. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचेच हात तसे झाले होते. दारातून मामी म्हणाल्या, "हात आखडू नको, बाबा. घाल."

त्यानं तांब्या बाजूला ठेवला आणि बादली उचलली. दोन्ही बादल्या मामांच्या अंगावर सगळ्या रिकाम्या केल्या. पाणी पाटाखालून, अंगणातून, फाटकाखालून रस्त्यावर गेलं आणि उतारानं बरंच लांब वाहत राहिलं. गल्लीतली माणसं भरलेल्या घागरी हातात धरून दोन्ही बाजूंना उभी होती. त्या पाण्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.